माईकची केबल घरी बनवताना वायर कुठली घ्यायची: माझा अनुभव

माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत माईक बूम आर्मवर असतो आणि इंटरफेस (माईकचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारा डबा) टेबलाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. आर्मच्या बाजूने केबल खाली आणून टेबलाच्या मागच्या कडेने फिरवत नेली तर साडेतीन मीटर लागते, थोडी सैल धरून. तयार केबल मिळते ती तीन मीटरची नाहीतर पाच-सहा मीटरची. तीनची लावली की आर्म जरा पुढे ओढला तरी माईकच्या कनेक्टरवर ताण येतो, आणि पाचची लावली की उरलेली सगळी गुंडाळी टेबलाखाली जाऊन पडते, आणि टेबलाखाली तर सगळे अडॅप्टर, एक्स्टेंशन बोर्ड, मॉनिटरच्या पॉवर केबल यांचाच संसार असतो. माईकची केबल पडायला त्याहून वाईट जागा नाही. म्हणून ठरवलं की आपल्याला हवी तेवढ्या लांबीची केबल आपणच बनवायची, दोन एक्सएलआर कनेक्टर (माईकचे तीन पिनवाले) आणि मधली वायर, एवढंच तर असतं. सोल्डरिंग येतच होतं. पण वायर कुठली घ्यायची हे बघायला बसले आणि त्यातच इतकी गुंतले की प्रत्यक्ष केबल बनवायला लागलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त वेळ वायर निवडण्यात गेला, आणि तो वेळ कारणी लागला असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की केलेली बरी. माईकमधून येणारा सिग्नल फार म्हणजे फारच बारीक असतो. शुअरचा एसएम58 घ्या, त्याच्यासमोर 94 डेसिबलचा आवाज असला (म्हणजे चांगलाच मोठा) तर तो 1.85 मिलीव्होल्ट देतो. आपण शांतपणे वाचन करतो तेव्हा तर त्याच्याही खूप खाली. मग इंटरफेसमध्ये त्याला 60 डीबी गेन द्यावा लागतो, म्हणजे हजार पट. आता जे काही त्या केबलमध्ये वाटेत शिरेल तेही हजार पट होऊनच हेडफोनमध्ये येणार. त्यामुळे केबल निवडताना खरा प्रश्न हा, की वाटेत काय काय शिरू शकतं आणि ही वायर त्यातलं काय काय अडवते. बाकीचे प्रश्न याच्यानंतर.

पण सुरुवातीला डेटाशीट उघडली की हे दिसत नाही, तिथे आकड्यांची गर्दी असते. कपॅसिटन्स इतका, रेझिस्टन्स इतका, कॉपर इतकं शुद्ध. मी वही घेऊन बसले आणि एकेक आकडा माझ्या साडेतीन मीटरला लावून बघितला. हे मी प्रत्येकाला करायला सांगेन कारण त्यातून निम्मा गोंधळ तिथल्या तिथे संपतो.

कपॅसिटन्सचं बघू, म्हणजे केबलमधल्या तारांमध्ये विद्युतभार साठण्याची क्षमता. स्टार-क्वाड केबल (चार कोरची, कोर म्हणजे आतल्या सिग्नल नेणाऱ्या तारा, तिच्याविषयी पुढे येतेच) हिच्यावर लोकांचा हमखास आक्षेप असतो की कपॅसिटन्स जास्त, त्यामुळे वरची फ्रिक्वेन्सी कापली जाते, आवाजातला उजेड जातो. कॅनरेच्या प्रसिद्ध एल-4ई6एस केबलचा कपॅसिटन्स मीटरला साधारण 150 पिकोफॅरड. साडेतीन मीटरचे झाले 525. माईकचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा आतला अडथळा) 200 ओहम धरला तर कटऑफ, म्हणजे वरची फ्रिक्वेन्सी कापली जाण्याची जागा, येतो पंधरा लाख हर्ट्झच्या आसपास. पंधरा लाख! आपले कान वीस हजारला थांबतात. शंभर मीटर केबल ओढली तरी तो 53 हजारपर्यंतच खाली येतो, म्हणजे तेव्हाही कानांच्या टप्प्याबाहेरच. गिटारच्या केबलची गोष्ट मात्र वेगळी, कारण गिटारच्या पिकअपचा इम्पीडन्स हजारोंमध्ये असतो आणि त्यात कॉइलचं इंडक्टन्सही येतं, तिथे पाचशे पिकोफॅरडने खरोखर टोन बदलतो. माझ्या मते हा गिटारवाल्यांचा खरा अनुभव माईकच्या केबलला सरसकट चिकटवला गेलाय आणि म्हणून लोक उगाच स्टार-क्वाडला घाबरतात.

रेझिस्टन्सही तसाच. 0.2 चौरस मिलीमीटरची तांब्याची तार मीटरला 0.086 ओहम. साडेतीन मीटर जाऊन परत येण्याचे मिळून 0.6 ओहम. समोर इंटरफेसचा इनपुट दीड-दोन हजार ओहमचा. त्यात हे 0.6 कुठल्या कुठे विरून जातात. आणि ऑक्सिजन-फ्री कॉपर, ज्याची जाहिरात सगळ्यात मोठ्या अक्षरात असते, ते साध्या इलेक्ट्रिकल ग्रेडच्या तांब्यापेक्षा जेमतेम एखादा टक्का चांगलं वाहतं. म्हणजे 0.6 च्या जागी 0.594. याच्यासाठी मी वेगळा विचार करणार नाही असं ठरवलं आणि तो कॉलमच खोडून टाकला.

तांबं आहे की नाही हे बघणं मात्र फार महत्त्वाचं. बाजारात अशी वायर असते जिच्या आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, तिला सीसीए म्हणतात. ती वजनाला हलकी लागते, दोन-चार वेळा वाकवली की तुटते, आणि सोल्डर करताना मुलामा निघाला की खालच्या ॲल्युमिनियमवर नेहमीचा सोल्डर धरतच नाही. ओळखायची कशी, तर एक तंतू बाजूला काढून ब्लेडने खरवडायचा. वरचा तांबूस रंग जाऊन आत पांढरं चकचकीत दिसलं की सीसीए. उलटं दिसलं, म्हणजे बाहेरून चंदेरी आणि खरवडल्यावर आत गुलाबी, तर ते कथिल चढवलेलं खरं तांबं, ती वायर उत्तम, उलट सोल्डरला आणखी सोपी. माझ्याकडे आलेल्या तुकड्यांमध्ये एक असा होता की त्याच्या कोर तांब्याच्या होत्या पण शिल्डचे (कोरभोवतीच्या धातूच्या आवरणाचे) तंतू ॲल्युमिनियमचे, वर मुलामा. मी शिल्ड खरवडून बघितलं नसतं तर ते लक्षातही आलं नसतं, त्यामुळे कोरबरोबर शिल्डही खरवडून बघा.

हो, तुकडे. पूर्ण लांबी घेण्याआधी मी चार प्रकारच्या वायरचे छोटे छोटे तुकडे मिळवले आणि टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर ते उघडले. फोटो बघून जे कळत नाही ते इथे पाच मिनिटांत कळतं.

पहिला तुकडा फॉइल शिल्डचा. आत दोन कोर, त्याभोवती चमकदार पातळ ॲल्युमिनियमचा पापुद्रा, आणि त्याला चिकटून एक उघडी तार, ड्रेन वायर. फॉइलला सोल्डर लागत नाही म्हणून ती ड्रेन वायर देतात, तीच पिन एकला (कनेक्टरची ग्राउंडची पिन) जोडायची. कोर शंभर टक्के झाकलेल्या असतात, कुठेही फट नाही, आणि काम करायला तर सगळ्यात सोपी, पापुद्रा फाडला की झालं. पण तुकडा बोटांमध्ये धरून वाकवला की तो वाकलेलाच राहतो, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवल्यावर मी उघडून बघितलं तेव्हा फॉइलला बारीक चिरा गेलेल्या दिसल्या. भिंतीतून किंवा रॅकच्या मागून एकदाच ओढून विसरून जायची असेल तर हीच वायर घ्यावी. आर्मवर, जिथे रोज हालचाल, तिथे नाही.

दुसरा तुकडा स्पायरल शिल्डचा, ज्याला सर्व्ह्ड पण म्हणतात. तांब्याचे बारीक तंतू सगळे एकाच दिशेने कोरभोवती गुंडाळलेले. हा हातात घेतल्याबरोबर आवडतो, इतका मऊ पडतो. आवरण काढलं, तंतू उलट दिशेने फिरवले की एका झटक्यात सुटतात, पीळ दिला की पिन एकसाठी तार तयार. मोगामीच्या 2549 सारख्या नावाजलेल्या माईक केबलही याच पद्धतीच्या आहेत. याचा तोटा एकच, केबल जोरात वाकली की वाकाच्या बाहेरच्या बाजूला तंतूंमध्ये फट पडते. घरात जपून वापरणाऱ्याला हा तोटा फारसा जाणवणार नाही असं माझं मत झालं.

तिसरा आणि चौथा दोन्ही विणलेल्या जाळीचे, म्हणजे ब्रेडेड. एक दोन कोरचा, एक चार कोरचा. जाळी वेणीसारखी घट्ट, कशीही वाकवा, फट पडत नाही, ओढली तरी ताण जाळीवर जातो, आतल्या कोरवर येत नाही. पण सोडवायला वेळ खाते. याची एक युक्ती आहे. जाळी कापायची नाही, ती मागे सारून फुगवायची, कोरच्या मुळाशी बोथट सुईने विणीतून एक भोक रुंद करायचं आणि कोर वाकवून त्या भोकातून बाहेर ओढून काढायच्या. रिकामी झालेली जाळी मग आपोआप एक चपटी पट्टी होते, तिला पीळ दिला की काम झालं. एकही तंतू तुटत नाही. दुसरा मार्ग म्हणजे सुईने केस विंचरल्यासारखी टोकापासून विंचरत जायची, त्याला वेळ लागतो पण बारीक कनेक्टरसाठी तेही चांगलं.

तुकडे उघडताना आणखी एक दिसलं की चांगल्या माईक केबलच्या आत कोरच्या फटींमध्ये सुती दोरा भरलेला असतो. मला वाटायचं तो फक्त गोल आकारासाठी. त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे, तो कोरना जागेवर धरून ठेवतो. फँटम (इंटरफेस केबलमधूनच कंडेन्सर माईकला देतो ती वीज) चालू असताना दोन्ही कोरवर 48 व्होल्ट असतात आणि शिल्डवर शून्य. केबल हलली, दबली, कोर आणि शिल्डमधलं अंतर जरासं बदललं की कपॅसिटन्स बदलतो आणि त्यातून टक्, खर्र असे आवाज येतात. फॉइलवाल्या वायरवर मी बोटाने टिचकी मारली तर हेडफोनमध्ये ती स्पष्ट ऐकू आली. दोरा भरलेल्या दोन तुकड्यांमध्ये तीच टिचकी शोधावी लागत होती. आर्म हलवत बोलायची ज्यांना सवय आहे त्यांनी हे जरूर बघावं.

आता मुख्य मुद्दा, दोन कोर की चार कोर. इथेच मी सगळ्यात जास्त रेंगाळले.

आपल्याला वाटतं की शिल्ड आहे म्हणजे बाहेरचं सगळं अडलं. तसं नाही. शिल्ड अडवतं ते विद्युत क्षेत्र, म्हणजे शेजारच्या वायरमधल्या व्होल्टेजमुळे येणारा खरखराट, रेडिओसारखे वरच्या फ्रिक्वेन्सीचे त्रास. पण ट्रान्सफॉर्मरभोवती जे 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं, ते तांब्याच्या पातळ जाळीतून आरपार जातं, जाळी असून नसून सारखीच. मग ती गुणगुण अडवतं कोण, तर दोन कोरना दिलेला पीळ. क्षेत्र दोन्ही कोरमध्ये सारखंच व्होल्टेज तयार करतं, आणि इंटरफेसचा बॅलन्स्ड इनपुट दोन्हींतला फक्त फरक घेतो, त्यामुळे सारखं ते वजा होतं. पण दोन कोर कितीही जवळ असल्या तरी एक जरा अलीकडे आणि एक जरा पलीकडे असतेच, पीळ देऊन त्या अदलाबदल करत राहतात तरी थोडा फरक उरतोच. स्टार-क्वाडमध्ये चार कोर चौकोनात बसवतात आणि समोरासमोरच्या दोन एकत्र जोडतात. म्हणजे दोन्ही जोड्यांचा मध्य एकाच बिंदूवर येतो. मग क्षेत्राच्या दृष्टीने दोन्ही जोड्या एकाच जागी आहेत, आणि उरलेला फरकही जवळजवळ जातो. कल्पना इतकी सुंदर आहे की मी ती कागदावर काढून बघितली तेव्हा खूप आनंद झाला, नुसत्या जागेच्या रचनेवर हे साधलंय, त्यात महागडं असं काहीच नाही.

पण आनंद झाला म्हणून घेतलं असं नको, कानांनी ऐकायचं होतं. त्यासाठी एक सोपी चाचणी केली जी कोणालाही घरी करता येईल. मेल एक्सएलआर कनेक्टरमध्ये पिन दोन आणि तीनच्या मध्ये 150 ओहमचा रेझिस्टर सोल्डर केला आणि धातूचं कव्हर बंद केलं. हा झाला खोटा माईक. त्याला ऐकू काहीच येत नाही पण केबलला वाटतं की पुढे माईक आहे. 150 ओहमच्या रेझिस्टरचा स्वतःचा आवाज सुमारे उणे 131 डीबीयू (सिग्नलचं व्होल्टेज मोजायचं डेसिबल माप) असतो, म्हणजे अगदी बारीक, त्यामुळे गेन पूर्ण उघडला की फक्त हलकी सर्र अशी हिस येते. आता जे काही त्याच्या वर ऐकू येईल ते केबलने गोळा केलेलं. दोन कोरच्या आणि चार कोरच्या वायरला तात्पुरते कनेक्टर लावले आणि एक जुना, वजनदार, लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर केबलच्या मध्यावर टेकवून ठेवला.

दोन कोरमध्ये घूंऽऽ असा आवाज स्पष्ट. मोठा नाही, पण शांत वाचनाच्या मध्ये दोन वाक्यांच्या फटीत ऐकू येईल असा. अडॅप्टर वीतभर लांब केला की जवळजवळ गायब. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराबरोबर फार वेगाने पडतं, अंतर दुप्पट केलं तर साधारण आठवा हिस्साच उरतो, त्यामुळे ज्यांच्याकडे आहे ती केबल नुसती बाजूला सरकवूनही पुष्कळ फरक पडेल. चार कोरमध्ये अडॅप्टर टेकवलेला असतानाही हिसच्या वर काही आलं नाही, मी हेडफोन दाबून धरून ऐकलं. मग अडॅप्टर हळूहळू केबलवरून सरकवत टोकाकडे नेला आणि कनेक्टरपाशी आल्यावर घूं परत सुरू झाला, दोन्ही केबलमध्ये जवळपास सारखाच! कारण उघड आहे, कनेक्टरच्या आत कोर सुट्या होतात, पीळ संपतो, चौकोन मोडतो. यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या, एक म्हणजे कोर सोडवायच्या त्या कमीत कमी, आणि दुसरी म्हणजे केबलचं टोक आणि इंटरफेसचा अडॅप्टर शेजारी शेजारी ठेवायचे नाहीत, मग केबल कुठलीही असो.

तर माझ्या जागेला स्टार-क्वाडच. टेबलाची मागची कड आणि पॉवरच्या केबल यांना मी पूर्ण वेगळं करू शकत नाही. ज्यांची खोली मोकळी आहे, अडॅप्टर लांब आहेत, त्यांनी स्पायरल शिल्डची चांगली दोन कोर घेतली तर त्यांना काहीही कमी पडणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे, शिवाय सोल्डरिंगला अर्धं काम.

जाडीचा विचार मात्र आधी करायला हवा. सहा मिलीमीटरची केबल सगळ्यात जास्त मिळते आणि कनेक्टरच्या पकडीलाही ती सोयीची. न्यूट्रिकच्या एक्सएक्स सिरीजचे कनेक्टर साडेतीन ते आठ मिलीमीटरपर्यंतची केबल पकडतात, त्यामुळे अडचण तिथे नव्हती. अडचण आर्मची होती. माझ्या आर्मच्या खोबणीत सहाची केबल बसते पण सांध्यापाशी ती ताठरपणे आर्मला मागे ढकलते, हलका माईक असेल तर आर्म ठेवलेल्या जागी राहत नाही. कॅनरेचीच एल-4ई5सी म्हणून बारीक स्टार-क्वाड येते, 4.8 मिलीमीटरची. तिचा तुकडा सांध्यातून वळवून बघितला तर आर्म निवांत जागेवर राहिला. म्हणून आर्मसाठी ही बारीक वायर ठरली, आणि दुसरी एक लांब केबल जी मी स्टँडवर, जमिनीवरून वापरते, तिच्यासाठी सहाची. जमिनीवर पाय पडतो, खुर्चीचं चाक जातं, तिथे जाड आवरण पाहिजेच.

ताठरपणा बघायची माझी पद्धत अशी की तुकडा बोटाभोवती गुंडाळून थोडा वेळ तसाच ठेवायचा आणि सोडायचा. जो सरळ होऊन पडतो तो चांगला, जो स्प्रिंगसारखा वळलेला राहतो तो आयुष्यभर जमिनीवर तसाच वळवळत राहणार.

मध्येच एक सांगते, एईएस/ईबीयू डिजिटलसाठीची 110 ओहमची केबल घरात पडून असेल तर ती माईकलाही छान चालते, तिचा कपॅसिटन्स उलट कमीच असतो. शिल्ड असलेली नेटवर्क केबलही भिंतीतून न्यायला चालते, पण तिच्या कोर बहुधा एकसंध तारेच्या असतात, हलत्या जागी त्या लवकर तुटतात, तेव्हा फक्त कायमच्या बसवलेल्या कामासाठी.

वायर ठरल्यावर बनवणं सरळ होतं तरी चार कोरमुळे जिथे लक्ष द्यावं लागलं तेवढं लिहिते. सगळ्यात आधी कनेक्टरचा मागचा बूट केबलमध्ये घालून ठेवायचा, मग सोल्डरिंग. आवरण कापताना ब्लेड दाबायचं नाही, हलकी चीर गोल फिरवून घ्यायची आणि केबल तिथे वाकवायची, आवरण त्या रेषेवर स्वतःच उघडतं आणि जाळीला ब्लेड लागत नाही. आत दोन निळ्या आणि दोन पांढऱ्या कोर. समोरासमोरच्या कोर एकाच रंगाच्या असतात, त्यामुळे निळ्या दोन एकत्र, पांढऱ्या दोन एकत्र. रंग मिसळले, म्हणजे एक निळी आणि एक पांढरी जोडली, तर आवाज येईल, केबल चालेल, मल्टिमीटरही काही बोलणार नाही, पण स्टार-क्वाडचा फायदा संपला. दोन कोर कापून टाकून उरलेल्या दोनच वापरल्या तरी तेच.

पांढऱ्या मी पिन दोनला घेतल्या, निळ्या तीनला, जाळी एकला. रंग कुठला कुठे याला महत्त्व नाही, दोन्ही टोकांना सारखं पाहिजे. पिन दोन म्हणजे हॉट (सिग्नलची धन बाजू) हे एईएसने (ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीने) 1992 साली स्टँडर्ड म्हणून लिहून ठेवलंय, त्याआधीच्या काही उपकरणांत पिन तीन हॉट असायची. केबलमध्ये दोन-तीन उलटे झाले तर एका माईकला कळणार नाही, पण गिटारवर दोन माईक लावले की आवाज पोकळ होतो. कनेक्टरच्या मागे पिनशेजारी बारीक आकडे कोरलेले असतात, मेल आणि फीमेलमध्ये ते एकमेकांच्या आरशातल्यासारखे येतात, म्हणून दोन्ही वेळा आकडेच वाचायचे.

सोल्डर 63/37 चा वापरला, तो 183 अंशाला एकदम वितळतो आणि एकदम गोठतो, मधली लिबलिबीत अवस्था नाही, त्यामुळे सांधा हलून खराब होत नाही. आयर्न 340 च्या आसपास. दोन कोर एकत्र पिळून आधी त्यांना सोल्डर चढवला, पिनच्या वाटीत थोडा सोल्डर भरून ठेवला, आणि मग दोन्ही गरम करून एकत्र आणले की सेकंदा-दोन सेकंदांत काम. हे करताना कनेक्टर त्याच्या जोडीच्या कनेक्टरमध्ये खुपसून ठेवते, म्हणजे प्लास्टिक तापलं तरी पिन वाकड्या होत नाहीत. जास्त वेळ आयर्न टेकवला तर साध्या पॉलिथीनचं इन्सुलेशन आक्रसून मागे जातं आणि उघडी तार लांब होते. जाळीच्या पिळावर बारीक हीटश्रिंक घातलं, नाहीतर सुटलेला एखादा तंतू शेजारच्या पिनला टेकतो. एकूण उघड्या कोर नखाएवढ्याच राहू दिल्या, कारण अडॅप्टरचा तो घूं डोक्यात होता.

कनेक्टरच्या धातूच्या बॉडीलाही एक वेगळा टॅब असतो, तो पिन एकला जोडायचा का हा प्रश्न खूप जणांना पडतो. मी जोडत नाही. जोडलं आणि कनेक्टर कुठल्या धातूच्या रॅकला, टेबलाच्या पायाला टेकला तर ऑडिओचं ग्राउंड दुसऱ्याच वाटेने जातं आणि ग्राउंड लूपची गुणगुण सुरू होऊ शकते. शिल्ड मात्र दोन्ही टोकांना पिन एकला जोडायचंच, फँटमचा परतीचा रस्ता तोच आहे. एका टोकाला तोडलं तर कंडेन्सर माईक चालूच होणार नाही.

मग तपासणी. मीटर कंटिन्युइटीवर लावून एक ते एक, दोन ते दोन, तीन ते तीन बीप, आणि आडवं कुठेही बीप नको, बॉडीशीही नको. बीप चालू ठेवून कनेक्टरपाशी केबल चारी दिशांना वाकवून बघितली, बीप मध्येच तुटला तर सांधा कच्चा. त्यानंतर खोटा माईक लावून गेन पूर्ण उघडला, फँटम चालू करून केबल हलवली, टिचक्या मारल्या, अडॅप्टर टेकवला. हिसच्या वर काहीच आलं नाही. शेवटी खरा माईक लावून एकच ओळ जुन्या केबलवर आणि नव्या केबलवर रेकॉर्ड केली. आवाजाच्या पोतात मला काही फरक ऐकू आला नाही आणि तो यायलाही नको होता, आकडेमोडीत तेच निघालं होतं. फरक होता तो ओळी संपल्यावरच्या शांततेत, तिथे जुन्या पाच मीटरच्या केबलवर टेबलाखालची गुणगुण होती आणि नव्यावर खोलीची नुसती हवा.

सध्या आर्मवर बारीक स्टार-क्वाड आहे आणि स्टँडवर सहाची, दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाचे बूट घातलेत म्हणजे इंटरफेसच्या मागे हात घातला तरी कळतं कुठली कुठली. दोन कोरचा स्पायरलवाला उरलेला तुकडा इंटरफेसपासून मॉनिटर स्पीकरपर्यंत वापरायचा विचार आहे, तिथे लाइन लेव्हलचा दणदणीत सिग्नल असतो, तिथे चार कोरची गरजच नाही.